बुलेट का थरथरते?

मूर्तिजापूरच्या बाजारपेठेतून बुलेट निघाली, की ती दिसण्याआधी ऐकू येते. दूर जाऊन आल्यावर चालवणाऱ्याच्या बोटांना मुंग्या येतात, आरशात मागचे धूसर दिसते, एखादा नटही ढिला होतो. असे का होते बरे?

जुन्या 350 सी.सी. बुलेटमध्ये एकच सिलिंडर. त्यातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, 90 मिलिमीटर वर-खाली जातो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला झाले 50. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबतो आणि उलट फिरतो. क्रँकची त्रिज्या 45 मिलिमीटर धरून हिशेब केला, तर टोकाला पिस्टनचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 450 पट भरते! वर-खाली होणारे वस्तुमान अर्धा किलो मानले, तरी इंजिनाला सव्वादोनशे किलो वजनाइतका हिसका बसतो. तोही सेकंदाला 50 वेळा वर आणि 50 वेळा खाली.

उपाय सोपा वाटतो. क्रँकवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला तेवढेच वजन लावावे. पण वजन गोल फिरते. पिस्टन मध्यावर असताना ते पुढे किंवा मागे ओढते. उभा हादरा गेला आणि आडवा आला! म्हणून साधारण निम्मेच वजन लावतात. दोन्ही दिशांचा थोडाथोडा हादरा सोसावा लागतो.

मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणारी 'शकुंतला' 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावे. वाफेच्या इंजिनांपुढेही हाच पेच असे. चाकावरचे वजन फार वाढवले, तर ते रुळांवर घणासारखे आदळते.

मग सुटका कशी? दुसऱ्या एका दांड्यावर उरलेले निम्मे वजन लावायचे आणि तो क्रँकच्या उलट दिशेने, पण तितक्याच वेगाने फिरवायचा. पिस्टन टोकाला असताना दोन्ही वजने मिळून त्याच्या विरुद्ध ओढतात. पिस्टन मध्यावर असताना एक पुढे व दुसरे मागे ओढते, म्हणून आडवे बल नाहीसे होते. हा 'बॅलन्सर शाफ्ट' 2021 साली नव्या क्लासिक 350 मध्ये आणि 2023 साली बुलेट 350 मध्ये आला. तरीही पिस्टनच्या चालीतील बारीक फरकामुळे थोडा कंप उरतोच.

आता चाकाकडे वळू. चार फटक्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. म्हणून चेनला ओढ सलग न मिळता झटक्यांनी मिळते. हे झटके झेलायला मागच्या चाकाच्या तुंब्यात रबराचे ठोकळे असतात. ते झिजले, की गिअर बदलताना 'खट्ट' वाजते. चेन सैल असेल तर ती फटके मारते. फार ताणलेली असेल तर बेअरिंग लवकर झिजते.

विद्यार्थी मित्रांनो, एक प्रयोग करा. विटेला सुतळी बांधून झटका द्या. मग सुतळीच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी जोडून तसाच झटका द्या. हाताला लागणारा फरक म्हणजेच त्या रबराचे काम. खऱ्या गाडीची चेन तपासायची असेल, तर मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि इंजिन बंद असल्याची खात्री करा. फिरत्या चेनमध्ये बोट क्षणात सापडते.

आणि हेही ध्यानात ठेवा : नव्या बुलेटचा हादरा कमी झाला, तिची ताकद नव्हे. थरथर म्हणजे शक्ती नाही. ती चाकापर्यंत न पोचलेली धडपड आहे.