पर्जन्याच्या अंदाजाचे आंकडे उलगडणें व सांठविणें

ज्या आंकड्यांवरून पावसाचे अंदाज बांधले जातात, ते मूळ आंकडे आतां कोणाही शेतकरी संघास विनामूल्य मिळूं शकतात, ही गोष्ट पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याचें ‘जीएफएस’ नांवाचें जागतिक मॉडेल दिवसांतून चार वेळां चालतें व सोळा दिवसांपर्यंतचा अंदाज देतें. हे आंकडे ‘ग्रिब’ नांवाच्या सांच्यांत आवळून बांधलेले असल्यामुळें तसेच वाचतां येत नाहींत. ते उलगडण्यास ‘डब्ल्यूग्रिब-२’ किंवा युरोपीय केंद्राची ‘ईसीकोड्स’ ही आज्ञावली संगणकावर बसवावी लागते. दोन्ही फुकट आहेत.

पाव पाव अंशावर बिंदू धरले, तर साऱ्या पृथ्वीचे बिंदू १० लाख ३८ हजारांवर जातात. इतकें ओझें आपणांस कशाला? रेखांश ७२ ते ८१ व अक्षांश १५ ते २३ एवढाच तुकडा कापून ठेवण्याची आज्ञा दिली, म्हणजे १,२२१ बिंदूंत सारा महाराष्ट्र येतो. उष्णतामान केल्व्हिनांत येतें, त्यांतून २७३.१५ वजा केले कीं झालें.

खरी मेख पावसाच्या आंकड्यांत आहे. एकाच फाइलींत पावसाच्या एकाच नांवाच्या दोन नोंदी असतात: एक सहा-सहा तासांच्या टप्प्यांतील पावसाची, व दुसरी अंदाजाच्या आरंभापासून साचत आलेल्या एकूण पावसाची. आज्ञावलीस केवळ नांव सांगितलें, तर ती भलतीच नोंद उचलूं शकते. म्हणून कालावधीही सांगावा. समजा, दर तीन तासांस अडीच मिलिमीटर पाऊस आहे. दिवसाचा पाऊस २० मिलिमीटर झाला. परंतु साचत आलेले आठही आंकडे कोणी भाबडेपणानें एकत्र मिळविले, तर बेरीज ९० येते! खरिपाच्या पेरणीस ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा, असा सल्ला नेहमीं दिला जातो. अशा खोट्या नव्वदीवर विसंबून बीं मातींत टाकणाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी आली, तर दोष आभाळाचा नव्हे.

वेळेचाही घोळ होतो. मॉडेलाचें घड्याळ ग्रीनिचचें. तेथील मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपांच. आपल्याकडे पर्जन्यमापक सकाळीं साडेआठास वाचतात. तेव्हां मध्यरात्रीच्या अंदाजांतील सत्ताविसाव्या तासापर्यंतच्या एकूण पावसांतून तिसऱ्या तासापर्यंतचा एकूण पाऊस वजा करावा. तोच आपल्या साडेआठ ते साडेआठचा पाऊस. असें केल्यावांचून गांवच्या मापकाशीं मेळ बसणार नाहीं, आणि मेळ पाहण्यासाठींच तर ही सारी खटपट!

सांठवितांना प्रत्येक आंकड्यापुढें अंदाज कधीं निघाला व तो कोणत्या वेळेचा, हीं दोन्ही नोंदवावीं. नवा अंदाज आला म्हणून जुना पुसूं नये. पांच दिवस आधींचा अंदाज कितपत खरा ठरतो, हें जुन्या नोंदींवांचून कळण्यास मार्ग नाहीं. घाटालगतच्या वाचकांनीं मात्र अधिक सावध असावें. पाव अंश म्हणजे सुमारें २७ किलोमीटर. तेवढ्या अंतरांत महाबळेश्वरची मुसळधार संपून वाईकडील उणा पाऊस लागतो, व मॉडेलास तो फरक नीटसा दिसत नाहीं. २०२५ सालीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें सिद्ध केलेलें ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ हें मॉडेल ६ किलोमीटरांवर चालतें. घाटाच्या बाबतींत त्याच्या अंदाजाकडेही लक्ष ठेवावें.