सरहद्दीवरचा मोबाइल आणि रोमिंगचे कोडे

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुका १९५६ पर्यंत निजामाच्या जुन्या मुलखातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो इकडे आला, १९५९ मध्ये चंद्रपूरला, म्हणजे तेव्हाच्या चांद्याला जोडला गेला. सीमारेषा सरकली तरी सोयरिकी आणि बाजारहाट काही सरकत नाहीत. मोबाइल आला तेव्हा मात्र या रेषेला पैशाचे मोल आले.

देशातील मोबाइल सेवा परिमंडळांत विभागलेली आहे. राजुरा ‘महाराष्ट्र-गोवा’ परिमंडळात मोडते, तर सीमेपलीकडचा भाग आंध्र प्रदेश परिमंडळात. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले तरी ही विभागणी कायम राहिली. त्यामुळे राजुऱ्याहून राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या कोल्हापूरला केलेला फोन स्थानिक ठरे आणि शेजारच्या आसिफाबादचा एसटीडी!

त्यात रोमिंगची भर. फोन आपल्या परिमंडळाचे जाळे शोधत असतो. ते मिळेनासे झाले की शेजारच्या परिमंडळातील मनोरा धरतो. डोंगराळ सीमाभागात यासाठी प्रवास करावा लागत नाही, शेताच्या बांधावर उभे राहणेही पुरते. येणारे कॉल २००३ पासून फुकट झाले होते. पण रोमिंगमध्ये नाही. ‘ट्राय’ने २००७ मध्ये अशा येणाऱ्या कॉलला मिनिटाला १ रुपया ७५ पैसे ही कमाल मर्यादा घातली, २०१३ मध्ये ७५ आणि २०१५ मध्ये ४५ पैसे. शहरी ग्राहकाला रोमिंग भेटे ते सहलीत. सीमेवरच्या माणसाला ते घरबसल्या लागू होई. फोन उचलण्याऐवजी वाजू देणे हाच शहाणपणा, कारण ‘मिस्ड कॉल’ला पैसे पडत नसत.

२०१६-१७ मध्ये कंपन्यांच्या स्पर्धेत देशांतर्गत रोमिंगचा आकार संपला. मनोऱ्यांमधील अंतर मात्र उरले. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी १८०० च्या लहरींपेक्षा दूर जातात. तरी टेकडीआड त्यांचाही जोर ओसरतो, दाट झाडीतही त्या क्षीण होतात. विरळ वस्तीसाठी मनोरा, वीज आणि जोडणी यांचा खर्च कंपनीला परवडत नाही. यासाठीच कंपन्यांच्या महसुलातील ५ टक्के वाटा बाजूला काढणारा सार्वत्रिक सेवा निधी २००२ मध्ये सुरू झाला. गंमत अशी, की ग्रामीण मोबाइलसाठी तो वापरण्याची मुभा कायद्याने २००६ मध्ये दिली. तोवर तो मुख्यतः तारेच्या फोनसाठीच होता. गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी सुमारे २,२०० मनोऱ्यांची योजना केंद्राने २०१४ मध्ये मंजूर केली.

मार्च २०२५ अखेर शहरांत शंभर लोकांमागे सुमारे १३१ जोडण्या होत्या, ग्रामीण भागात सुमारे ५९. या जोडण्या सिमकार्डांच्या आहेत, माणसांच्या नव्हेत. शहरात एका खिशात दोन सिम असतात; खेड्यात एक फोन सारे घर वापरते. फोन केवळ बोलण्यापुरता होता तोवर हे चालून जाई. आता बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, आणि रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्रही त्याच जाळ्यावर चालते. त्यामुळे देशातील अनेक दुर्गम गावांत दुकानदार यंत्र घेऊन रेंज मिळेल त्या उंचवट्यावर जातो, कार्डधारक त्याच्यामागे चढून अंगठा देतात आणि धान्यासाठी पुन्हा खाली उतरतात.