‘इंधन-दारिद्र्य’ : एका संज्ञेची व्याप्ती

शासकीय परिभाषेतील संज्ञेची व्याख्या बदलली, की साहाय्यास पात्र कोण, हेही बदलते. ब्रिटनमधील ‘इंधन-दारिद्र्य’ ही संज्ञा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी उत्पन्नाच्या शेकडा १० हून अधिक खर्च करावा लागणारे कुटुंब, असा तिचा अर्थ २००१ च्या धोरणात होता. ‘केलेला’ नव्हे, तर ‘करावा लागणारा’ खर्च, हे या व्याख्येचे मर्म होय. कारण कुडकुडत राहून इंधन वाचविणारे कुटुंबही त्यात येते.

इंग्लंडमध्ये २०२१ पासून निकष निराळा झाला. निवास व इंधन यांचा खर्च वजा जाता उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली हवे आणि घराची ऊर्जाश्रेणी ‘डी’ किंवा त्याखालची हवी. यामुळे भिंती व छपरे उष्णतारोधक करण्याकडे लक्ष वेधले गेले, हे खरे. परंतु ‘सी’ श्रेणीच्या घरातील गरीब कुटुंब, इंधन कितीही महागले तरी, गणनेबाहेरच राहते. २०२२ मध्ये दर भडकले, शासनाने घरोघरी वीजदेयकात ४०० पौंडांची सूट दिली. तथापि इंधन-दरिद्री कुटुंबांचे अधिकृत प्रमाण शेकडा १३ च्या आसपासच राहिले. तात्पर्य, धोरणाचे परीक्षण करताना आकड्यांपूर्वी व्याख्येतील शब्द तपासणे अगत्याचे आहे.