न बांधलेल्या घराचे ‘छायाचित्र’

गुढीपाडवा किंवा दसरा जवळ आला, की वर्तमानपत्रांची पाने घरांच्या जाहिरातींनी भरून जातात. बारा मजली इमारत, समोर हिरवळ, वर निळेशार आकाश आणि भिंतीवर कोवळे ऊन. प्रत्यक्ष जागेवर मात्र फार तर पत्र्याचे कुंपण आणि पायाचा खड्डा असतो. जाहिरातीतले चित्र संगणकावर तयार झालेले असते. काही चित्रे पाहताक्षणी बनावट वाटतात, तर काही हुबेहूब छायाचित्रासारखी भासतात. हा फरक नेमका कशामुळे पडतो? आयुष्यभराची पुंजी घालून आणि वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन अशा चित्राच्या भरवशावर घर नोंदविणाऱ्यांनी तो समजून घेण्याजोगा आहे.

या तंत्राला ‘रेंडरिंग’ म्हणतात. वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून संगणकात प्रथम घराची त्रिमितीय प्रतिकृती उभारली जाते. तिच्या प्रत्येक पृष्ठभागाला रंग आणि पोत दिला जातो, सूर्याची व कॅमेऱ्याची जागा ठरविली जाते आणि प्रकाश कोठे, किती पडेल याचे गणित करून संगणक चित्र काढतो. पूर्वी हेच काम कलाकार पोस्टर कलर आणि एअरब्रश घेऊन हाताने करीत. त्या चित्राकडे चित्र म्हणूनच पाहिले जाई. त्याला कोणी छायाचित्र समजत नसे.

नवशिका सर्वात आधी चुकतो तो प्रकाशात. भर दुपारी उघड्यावर उभ्या असलेल्या घरावर एक नव्हे, दोन दिवे लागलेले असतात. एक सूर्य; त्याचा प्रकाश किंचित पिवळसर. दुसरे आकाश, त्याचा प्रकाश निळसर आणि चहूबाजूंनी येणारा. सावलीत ऊन पोहोचत नसले तरी आकाश पोहोचते. म्हणूनच खरी सावली काळीकुट्ट नसते, तिच्यात निळसर झाक असते. शिवाय तिसरा प्रकाश उसना. अंगणातल्या फरशीवर पडलेले ऊन उलटून छज्जाच्या खालच्या अंगाला उजळते. तांबड्या मातीच्या आवारात पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी तांबूस छटा उतरते. हा उसना प्रकाश गणितात बसविणे हेच संगणकशास्त्रज्ञांपुढचे मोठे कोडे होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ साली एका साध्या खोक्याच्या चित्रातून, रंगीत भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर कसा पसरतो, हे दाखविले. दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या या सगळ्या देवाणघेवाणीचे एकच समीकरण मांडले. छायाचित्राशी स्पर्धा करणारी आजची सॉफ्टवेअर मुख्यत्वे त्याच समीकरणाचे उत्तर अंदाजाने काढत असतात.

सावलीच्या कडेतही बरेच काही दडलेले आहे. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. पृथ्वीवरून पाहता त्याची थाळी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे सावलीची कड अंतरानुसार विरत जाते. एक मीटरवरच्या छज्जाच्या सावलीची कड जेमतेम एक सेंटिमीटर पुसट असते, तर दहा मीटर उंचावरच्या कठड्याच्या सावलीची नऊ-दहा सेंटिमीटर. सगळ्याच सावल्या सुरीने कापल्यासारख्या दिसल्या, की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते.

दुसरी चूक अतिस्वच्छतेची. संगणकाला पांढरा रंग सांगितला, की तो शंभर टक्के पांढरा देतो. शुभ्र रंगविलेली खरी भिंत मात्र तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्केच परत फेकते. तेवढी कपात केली नाही, तर भिंत कागदासारखी सपाट दिसते. तेच कोपऱ्यांचे. गिलाव्याचा कोणताही कोपरा गणितातल्या रेषेसारखा धारदार नसतो. त्याला दोन-तीन मिलिमीटरची गोलाई असते आणि तिच्यावर उन्हाची बारीक रेघ चमकते. जाणकार कलाकार प्रत्येक कठड्याला, पायरीला आणि चौकटीला ही गोलाई देतो. काम किचकट आहे. पण चित्र ‘खरे’ वाटण्यात या रेघेचा वाटा फार मोठा.

मापांची गफलत तर सर्रास आढळते. भारतीय मानकातील वीट सांध्यासह २० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच धरतात. म्हणजे सात फुटी दारालगत विटांचे सुमारे २१ थर दिसले पाहिजेत. तेथे दहाच दिसले, तर घर बाहुलीघर वाटू लागते. विटांचे किंवा जांभ्याचे एकच छायाचित्र भिंतभर पुन:पुन्हा चिकटविले, तर तोच डाग दर चार फुटांवर उगवतो. झाडांची तऱ्हाही अशीच. तयार संग्रहातून उचललेली सूचिपर्णी झाडे आणि ओव्हरकोट घातलेली माणसे मराठवाड्यातल्या बंगल्यासमोर उभी केलेली दिसली, की हसू आवरत नाही. तेथे कडुनिंब किंवा गुलमोहर हवा.

काचेची परीक्षा सर्वात अवघड. खिडकीसमोर सरळ उभे राहिल्यास काच जेमतेम आठ टक्के प्रकाश परत फेकते. नजर तिरकी होत जाते तसे हे प्रमाण वाढत जाऊन शेवटी काच आरसाच होते. त्यामुळे रस्त्यावरून पाहताना तळमजल्याच्या खिडक्यांतून आतला पडदा दिसतो आणि दहाव्या मजल्याच्या खिडक्यांत आकाश. दिवसा उघड्या खिडकीच्या आत अंधारच दिसतो, कारण बाहेरचे ऊन खोलीतल्या उजेडाच्या कितीतरी पट प्रखर असते. सगळ्या मजल्यांवर एकसारख्या निळ्या काचा दिसणारे चित्र म्हणूनच फसते.

येथपर्यंत कलाकार आणि बिल्डर यांचे जमते. पुढे मात्र दोघांत ओढाताण सुरू होते. खऱ्या इमारतीवर पावसाळ्यानंतर कठड्याची वरची बाजू काळवंडते, खिडकीच्या दोन्ही टोकांखाली मातकट ओघळ उतरतात, जोत्यावर चिखलाचे शिंतोडे उडतात. गच्चीवर टाक्या असतात, मागच्या भिंतीवर पाइप आणि एसीची खोकी. यातले थोडे जरी दाखविले, तरी चित्र जिवंत होते. पण ज्याला सदनिका विकायच्या आहेत, तो ओघळ कसे चालवून घेईल? मग तडजोड होते: इमारत कोरी करकरीत, खऱ्याचा भास मात्र ओलसर रस्ता आणि पाचोळा यांच्यावर सोपविलेला. समोरच्या झोपड्या, विजेच्या तारा आणि शेजारची इमारत बहुधा वगळलेलीच असते.

हे तंत्र किती पुढे जाऊ शकते, याचे उदाहरण ॲलेक्स रोमन या स्पॅनिश कलाकाराने २००९ साली ‘द थर्ड अँड द सेव्हन्थ’ या लघुपटातून घालून दिले. अहमदाबादच्या आयआयएमचे वास्तुविशारद लुई कान यांनी अमेरिकेत बांधलेले एक्झेटर ग्रंथालय त्यात दिसते, आणि ते संगणकावरचे आहे यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. तेथे इमारत आधीच उभी होती. चित्राला तिच्याशी ताडून पाहता येत होते. जाहिरातीतल्या चित्राला ती सोय नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात ऊन, पोत आणि झाडे भरून देतात. पण त्या ओघात आराखड्यात नसलेली खिडकीही भरून देतात.

कॅमेऱ्याची जागा हा तर सरळ फसवणुकीचा मार्ग ठरू शकतो. माणूस जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवरून घर पाहतो. कॅमेरा त्याहून खाली नेऊन रुंद कोनाचे भिंग लावले, की दहा फुटांचे अंगण मैदानासारखे दिसते. अशा चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘कलाकाराच्या कल्पनेतून’ असे छापलेले असते. मात्र तेवढ्याने जबाबदारी संपतेच असे नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार, जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्या ग्राहकाचे नुकसान झाल्यास विकासकाने भरपाई द्यावयाची असते. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल, तर सर्व रक्कम व्याजासह परत करावयाची असते. महाराष्ट्रात ‘महारेरा’ने ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक केले असून, त्यावरून प्रकल्पाच्या नोंदणीची माहिती उघडते.

प्रकल्पाच्या मंजूर नकाशावर उत्तर दिशेचा बाण असतो. महाराष्ट्रात सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरेकडच्या भिंतीवर थेट ऊन पडत नाही. दर्शनी बाजू उत्तरेला असलेल्या इमारतीच्या चित्रात हिवाळ्यातले कोवळे ऊन गॅलऱ्यांतून पसरलेले दिसत असेल, तर ते फक्त संगणकातलेच आहे.