लंडनमधील भाड्याच्या मोटारी

लंडनमध्यें भाड्याच्या मोटारींचे दोन वर्ग आहेत, आणि कायद्यानें त्यांच्यांत आंखलेली रेषा नवख्या प्रवाशाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. माथ्यावरील नारिंगी दिवा पेटलेली काळी टॅक्सी रस्त्यांत हात करून थांबवितां येते. उबरसारख्या खासगी मोटारी मात्र परवाना असलेल्या कंपनीमार्फत आगाऊच ठरवाव्या लागतात. हें नुसतें सरकारी सोवळें नव्हे. रात्रीं नाटकगृहाबाहेर कोणी आर्जवानें बोलावलें म्हणून त्याच्या गाडींत बसल्यास त्या प्रवासाची नोंद कोठेंच राहत नाहीं, आणि अपघात झालाच तर विम्याचें संरक्षणही बहुधा मिळत नाहीं. यास्तव मोबाइलवर आलेला गाडीचा क्रमांक व चालकाचा चेहरा आधीं ताडून पाहावा. ‘आपण कोणाला न्यावयास आलांत?’ असें त्यालाच विचारावें. आपलें नांव आपण होऊन सांगूं नये.

काळ्या टॅक्सीचें भाडें जबर खरें. परंतु तिचा चालक १८६५ पासून चालत आलेल्या ‘नॉलेज’ नांवाच्या कठीण परीक्षेस उतरलेला असतो. चेअरिंग क्रॉसभोंवतालच्या सहा मैलांतील सुमारें २५,००० रस्ते त्याला मुखोद्गत असावे लागतात! हीथ्रो विमानतळावरून शहरांत यावयाचें, आणि सामान आटोपशीर असेल, तर मोटारीचा मोह नसलेलाच बरा. पिकाडिली मार्गाची भुयारी रेल्वे तेथें १९७७ पासून जाते. २०२२ सालीं उघडलेला एलिझाबेथ मार्ग त्याहून जलद, पण कांहींसा महाग आहे.