एक गोष्ट, दोन लिप्या

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत खानापूरहून माझ्या आईचे पत्र आले. फोनवर बोलणे झाले तरी नातीच्या वाढदिवसाला ती न चुकता पत्र लिहिते. माझी लेक दहा वर्षांची, इंग्रजी माध्यमात पाचवीला. तिने हौसेने पाकीट फोडले, पहिली ओळ वाचायला घेतली आणि अडली.

"आई, हे कुठलं अक्षर? आमच्या हिंदीच्या पुस्तकात हे नाही."

अक्षर होते 'ळ' आणि शब्द होता 'बाळ'.

आधी मला हसू आले, मग मात्र वाईट वाटले. ही मुलगी दिवसभर 'ळ' बोलते. ती राहते बेळगावात. माझ्या सासूबाईंचे माहेर गोकाकचे, त्यामुळे अज्जीशी ती कन्नड बोलते आणि त्यातही पावलोपावली 'ळ' असतोच. शाळेत कन्नड असल्यामुळे कन्नड लिपीतला 'ळ' ती झटकन ओळखते. अनोळखी आहे तो फक्त देवनागरीतला, कारण देवनागरी तिला भेटली ती हिंदीच्या दारातून. शेवटी पत्र मीच वाचून दाखवले. आजीने नातीला लिहिलेल्या पत्रात मला दुभाषा व्हावे लागले!

हे आमच्या एकट्याच्या घरचे नाही. माझ्या वर्गात घडाघडा मराठी बोलणारी मुले-मुली आहेत, पण मोबाईलवर निरोप पाठवतात तो इंग्रजी अक्षरांत. भाषा जिभेवर आहे, पण डोळ्यांना तिची ओळख नाही. यावर उपदेशाचा उपयोग नसतो. उपयोग होतो तो मुलाला आवडेल अशा पुस्तकाचा. "पण कुठलं पुस्तक? कुणाचं? कितव्या वर्षी?" असे पालक नेहमी विचारतात. म्हणून हा लेखप्रपंच.

चांदोबा आणि चंदमामा

मी लहान असताना आमच्या घरी 'चांदोबा' यायचा आणि शेजारच्या कन्नड घरी 'चंदमामा'. १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेले हे मासिक पुढे अनेक भाषांत निघू लागले. मराठीत ते १९५२ साली आले. चित्रे सगळीकडे तीच. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम राजा चित्रकार शंकर यांनी काढलेला. तो आमच्याकडे मराठी बोलायचा आणि शेजारी कन्नड. आम्ही दोन्ही अंक जमिनीवर शेजारी-शेजारी पसरून बसत असू. गोष्ट ठाऊक, चित्र ठाऊक, त्यामुळे अनोळखी लिपीतले शब्द आपोआप उलगडायचे. कन्नड वाचायला मला शाळेच्या आधी विक्रम-वेताळाने शिकवले, असे म्हटले तरी चालेल. २०१३ च्या सुमारास ते मासिक बंद पडले, पण त्याने दाखवलेली वाट बंद झालेली नाही. एकच गोष्ट दोन्ही लिप्यांत मुलांपुढे ठेवायची, एवढेच आपण करायचे आहे.

तीन ते सहा : मांडीवरची पुस्तके

या वयात मूल वाचत नाही, ऐकते आणि पाहते. सुरुवात आपल्या घरच्या गोष्टीनेच करावी. चिऊताईचे मेणाचे घर आणि कावळ्याचे शेणाचे घर कुणाला माहीत नाही? कन्नड घरांत हीच मंडळी 'कागक्क' आणि 'गुब्बक्क' म्हणून भेटतात. मराठीत कावळा पुरुष, कन्नडमध्ये दोघीही अक्का! तरुणपणी बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे ए. के. रामानुजन यांनी कन्नड लोककथा गोळा केल्या. त्यांच्या निधनानंतर १९९७ साली निघालेल्या इंग्रजी संग्रहात या दोन अक्कांची गोष्ट आहे. आजीने एक रूप सांगावे, अज्जीने दुसरे. फरक काय तो मुले स्वतःच शोधून काढतात आणि वर आपल्यालाच विचारतात, "मग खरा कावळा दादा की अक्का?"

चित्रपुस्तकांत माधुरी पुरंदरे यांचे नाव आधी घ्यावे लागेल. त्या स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात. 'राधाचं घर' या संचात राधा आपल्या घरच्यांची ओळख करून देते. 'यश'च्या मालिकेत मामाच्या गावाला जाणे, हात मोडणे अशा साध्या घटना आहेत. ना राक्षस, ना परी, ना शेवटी तात्पर्य. मुलांना ही पुस्तके आपल्याच घरातली वाटतात. पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

दोन लिप्यांच्या घरासाठी बंगळूरच्या प्रथम बुक्सची पुस्तके फार सोयीची आहेत. एकच पुस्तक मराठीतही मिळते आणि कन्नडमध्येही, चित्रे तीच. लांब केसांच्या शृंगेरी श्रीनिवासला केस कापून घ्यायचे आहेत आणि कुणालाच वेळ नाही, ही रोहिणी निलेकणी यांची गोष्ट आमच्या घरी दोन्ही भाषांत पाठ झाली आहे. २०१५ पासून त्यांच्या 'स्टोरीवीव्हर'वर शेकडो गोष्टी फुकट वाचता आणि उतरवून घेता येतात. चेन्नईचे तूलिका प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्टचे 'नेहरू बाल पुस्तकालय' यांच्याकडेही मराठी-कन्नड जोड्या सापडतात.

सात ते दहा : अडखळण्याचे वय

हेच वय नाजूक. इंग्रजी पुस्तक सरसर वाचणारे मूल मराठी पुस्तक घेताच अडखळते. स्वतःचे अडखळणे त्याला आवडत नाही आणि मग 'मराठी बोअर आहे' असे ते ठरवून टाकते. दोष भाषेचा नसतो, सरावाचा असतो. म्हणून या वयात पुस्तक वयापेक्षा थोडे सोपे द्यावे. मोठी अक्षरे आणि छोटे परिच्छेद असले म्हणजे मूल पानाला घाबरत नाही.

कवितांपासून सुरुवात केली तर ताल वाचकाला पुढे ढकलतो. विंदा करंदीकरांच्या बालकविता मजेदार आहेतच, पण आजचे कवीही द्यावेत. एकनाथ आव्हाड यांच्या 'छंद देई आनंद' या कवितासंग्रहाला २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळाला आणि नांदेडचे सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया'ला २०२५ चा. गोष्टींत दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' अजून ताजा आहे. आधी आकाशवाणीवरून घराघरांत गेलेला हा खोडकर मुलगा मोठ्याने वाचायला फार छान, कारण त्यात संवाद भरपूर आहेत. संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला २०२२ चा पुरस्कार मिळाला. पियू वहीत लिहिते तसे वाचता-वाचता आपणही लिहावे, असे मुलींना वाटू लागते. मुलग्यांनाही वाटते, पण ते कबूल करत नाहीत!

कन्नडच्या बाजूने कुवेंपूंची 'बोम्मनहळ्ळिय किंदरिजोगि' ही उंदरांच्या सुळसुळाटाची दीर्घकविता हवीच. मूळ कल्पना ब्राउनिंगची, पण कुवेंपूंनी तिला अस्सल कानडी मातीत रुजवले. कन्नड शाळेत शिकलेल्या आजोबांना ती म्हणायला सांगून पाहा. बहुतेकांना निम्मी तरी पाठ निघते.

अकरा ते चौदा : खऱ्या जगाकडे

या वयाच्या मुलांना आपण अजूनही पंचतंत्र आणि संक्षिप्त चरित्रे देतो आणि ती वाचत नाहीत म्हणून कपाळाला हात लावतो. खरे म्हणजे या वयात त्यांना खऱ्या जगाची गोष्ट हवी असते. तशी पुस्तके मराठीत गेल्या काही वर्षांत चांगली आली आहेत.

ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'ला २०१७ चा अकादमी पुरस्कार मिळाला. धरणाखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाच्या डोळ्यांनी ती लिहिली आहे. आपल्याकडेही हिडकल आणि मलप्रभेच्या धरणांमुळे गावे उठली. त्या गावांतली माणसे आज आपल्या शेजारी राहतात. पुस्तक वाचून झाल्यावर अशा एखाद्या आजोबांशी मुलांची गाठ घालून द्यावी. मग पुस्तक पुस्तकात राहत नाही.

सलीम सरदार मुल्ला हे शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला २०१९ चा पुरस्कार मिळाला. जंगल आणि साहस हवे असणाऱ्या मुलांनी ते जरूर वाचावे. उदगीरच्या २०२२ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला २०२४ चा पुरस्कार मिळाला. मोठ्यांसाठी गंभीर कथा लिहिणारा लेखक मुलांसाठी भूतबंगल्यात शिरतो, ही मला फार चांगली खूण वाटते. आणि हो, भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' विसरू नका. २०१७ च्या चित्रपटामुळे मुलांना नाव ठाऊक असते, पुस्तक आपण हातात द्यायचे.

कन्नडमध्ये बोळुवारु महमद कुंञी यांचे गांधीजींवरचे पुस्तक या वयासाठी उत्तम. मुलांच्या तोंडी गांधी 'पापू'चा 'बापू' कसा झाला, हे ते सांगते. बालसाहित्याचे अकादमी पुरस्कार २०१० साली सुरू झाले, त्याच वर्षी कन्नडचा मान या पुस्तकाला मिळाला. सिद्धापूर भागात शिक्षकी केलेले तम्मण्ण बीगार यांच्या 'बावलि गुहे'ला २०२२ चा पुरस्कार मिळाला. चौदाच्या पुढच्या मुलांना एकीकडे व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी' द्यावे आणि दुसरीकडे तेजस्वींचे 'कर्वालो'. एकात माणदेशातले मेंढपाळ, दुसऱ्यात मलनाडच्या रानात उडत्या सरड्याचा शोध. दोन्ही आपल्यापासून फार लांब नाहीत.

घरी काय करता येईल?

पहिली गोष्ट, वाचून दाखवणे बंद करू नका. मूल स्वतः वाचू लागले की आपण थांबतो आणि तिथेच मराठी सुटते. एक पान तुम्ही, एक पान मूल, असे चालू द्या.

दुसरी गोष्ट, ज्याला जी लिपी येत नाही त्याची लाज नको. कन्नड कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. त्यांचे शिक्षण मराठीत झाले. सुरुवातीला पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवत, ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि उमाताई ते ऐकून अनुवाद करत. 'संवादु अनुवादु' या आत्मकथनात हे सारे आले आहे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने ऐकायचे, या रीतीतून भैरप्पांचे 'वंशवृक्ष' मराठीत येऊ शकते, तर आपल्या घरी एक बालकथा का येऊ नये?

तिसरी गोष्ट, एका भाषेमुळे दुसरी मागे पडेल ही भीती सोडा. घरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबात धारवाडला जन्मलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे वरकवी झाले आणि १९७३ चे ज्ञानपीठ घेऊन आले. कन्नड बालसाहित्याचे एक आद्य लेखक पंजे मंगेशराव यांच्या घरची भाषा कोकणी. अशा सरमिसळीतूनच आपला मुलूख घडला आहे.

आणि शेवटची गोष्ट खर्चाची. वाढदिवसाला केक येतो, फुगे येतात. त्यात दोन पुस्तके बसवणे अवघड नाही. जमत नसेल तर वाचनालय आहेच. आपल्या शहरातले सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे. एवढी जुनी ठेव उंबऱ्याशी असताना मुलांना तिथवर नेण्याइतका वेळ काढायला हवा.

सुधा मूर्ती यांची एक आठवण अनेकांनी वाचली असेल. त्यांच्या आजीला वाचता येत नव्हते. 'कर्मवीर' साप्ताहिकात येणारी त्रिवेणी यांची 'काशीयात्रे' ही कादंबरी नात तिला वाचून दाखवायची. नात आठवडाभर परगावी गेली आणि अंक हातात असून आजीला पुढची गोष्ट कळेना. त्या हतबलतेतून साठी उलटलेल्या आजीने अक्षरे शिकायचे ठरवले आणि ती शिकली. आपल्याकडे आता उलटे झाले आहे. आजीला वाचता येते, लिहिताही येते आणि नात पत्र हातात धरून आईची वाट पाहत बसते.

आमच्या घरी दिवाळीपासून रोज रात्री दहा मिनिटे वाचन चालते. एक दिवस मराठी, एक दिवस कन्नड. कन्नडच्या दिवशी अज्जी चुका काढते, मराठीच्या दिवशी मी काढत नाही. लेक अजून हळूच वाचते, जोडाक्षराला थबकते, मधेच इंग्रजीत सुटकेचा निःश्वास टाकते. पण गेल्या महिन्यात तिने आजीला उत्तर लिहिले, पाच ओळींचे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. मी प्राध्यापिका असूनही लाल पेन उचलले नाही. पत्त्याच्या कोपऱ्यात तिने 'बेळगाव' लिहिले होते आणि त्यातला 'ळ' बाकीच्या अक्षरांपेक्षा चांगला मोठा काढला होता.

आईचा फोन आला. म्हणाली, "पोरीला सांग, सगळं वाचलं मी. मधे कुणाला विचारावं लागलं नाही."