बैलाचा फोटो धुरकट का येतो?

बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात फोटो बिघडला की दोष फोनला दिला जातो. बहुतेक वेळा तो लेन्सवरच्या धुळीचा आणि बोटांच्या तेलकट ठशांचा असतो. आधी फुंकर मारून धूळ उडवा, मगच मऊ सुती कापडाने पुसा. थेट घासल्यास ओरखडे पडतात.

खरी कसोटी पांढऱ्या खिलाराची. मागे सावली असली की फोन सगळं दृश्य उजळवतो आणि उन्हातल्या बैलाचं वशिंड, कातडीवरची चमक पांढऱ्या डागात हरवते. स्क्रीनवर बैलावर बोट दाबून धरा, फोकस स्थिर होईल. मग शेजारची सूर्याची खूण खाली ओढा. बहुतेक फोनमध्ये ही सोय असते, आणि माझ्या मते कुठल्याही फिल्टरपेक्षा तीच मोलाची. झूम टाळा, दोन पावलं पुढे जा. मात्र बैलाच्या मागे उभे राहू नका.

उन्हात फोन तापून कॅमेरा बंद पडला, तर कव्हर काढून सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये नको, आत दव धरतं.

गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे बारकावे टिकतात.